कंपाउंडर भावोजींची सफरचंदं

माझे भावोजी डॉक्टर नव्हते. हे आधीच सांगून टाकतो, कारण गल्लीतली निम्मी माणसं त्यांना ‘डॉक्टरसाहेब’ म्हणत आणि या गृहस्थांनी कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. ते एका दवाखान्यात कंपाउंडर होते. लाकडी खिडकीमागे उभं राहून बाटल्या भरायच्या, त्यांवर डोसाच्या खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची आणि मधाळ आवाजात सांगायचं, “हलवून घ्या बरं का, दिवसातून तीनदा.” हे त्यांनी अडतीस वर्षं केलं. आवाज असा की ऐकणाऱ्याला वाटावं, अर्धा आजार इथेच उतरला. त्या दवाखान्यात सगळ्यात जास्त भेसळ असलेला माल कुठला असेल, तर तो हा आवाज.

मी बसमध्ये तिकीट तपासनीस होतो. माणसाने खिशात हात घालायच्या आत मला कळायचं, तिकीट आहे की नुसतंच नाटक. त्यामुळे गोड बोलणाऱ्यांविषयी माझं मत मुळातच बरं नाही, आणि ते मी लपवतही नाही.

आमची इमारत तिमजली. तळमजल्यावर दोन खोल्यांत भावोजी एकटे. सगळ्यात वरच्या मजल्यावर त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, जावई आणि त्यांच्याकडे राहणारी माझी ताई, म्हणजे भावोजींची बायको. मधल्या मजल्यावर मी. नवरा पायथ्याशी, बायको माथ्यावर आणि मध्ये सत्तेचाळीस पायऱ्या, असा हा संसार चार वर्षं चालला होता. दोघांनी त्या काळात एकमेकांशी अवाक्षर काढलं नव्हतं. समोरासमोर आलेच, तर ताई टपालपेटीवरची नावं वाचत उभी राहायची. ती नावं तिला पाठ होती.

याचं कारण सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल, म्हातारपणी रुसण्याची हौस.

भावोजींच्या दवाखान्यात एक गुलाबी औषध असायचं. पाणी, साखर, चिमूटभर रंग आणि पुदिन्याचा वास. ज्यांना काहीही झालेलं नाही, पण बाटली हातात पडल्याशिवाय चैन पडत नाही, अशांसाठी. पेशंट खूश, दवाखाना खूश. ताईला उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, पाठीपर्यंत कळ जायला लागली, तेव्हा भावोजींनी तिला हेच आणून दिलं. का? तर म्हणे, तिला नेमकं पाहुणे आले की दुखतं. त्यांच्या बहिणीचं बिऱ्हाड जेवायला आलं, तळण झालं, तूपलोणी पोटात गेलं, की भांडी घासायच्या वेळेला ताई आडवी. गृहस्थांनी निदान केलं: कामचुकारपणा. तोंडाने चकार शब्द काढला नाही. बाटली दिली, पट्टी चिकटवली, “हलवून घे” म्हणाले. आणि ताई बिचारी तीन वर्षं साखरपाणी हलवून हलवून प्यायली.

तिच्या पित्ताशयात खडे होते. तुपकट खाल्लं की ते दुखणारच, हे सगळा जन्म दवाखान्यात काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. एके दिवशी ती मोरीपाशीच कोसळली. इस्पितळात पोट फाडलं, तेव्हा आत पू झालेला होता. चार दिवस आम्ही बाकावर बसून काढले. ती वाचली. मग भावोजींच्या दवाखान्याचे डॉक्टर भेटायला आले आणि सहज विचारलं, “इतके दिवस काय घेत होता?” ताई म्हणाली, “गुलाबी औषध. हेच आणून द्यायचे.” डॉक्टरांनी एकदा भावोजींकडे पाहिलं आणि उगीचच ताईचं पांघरूण सारखं केलं. माझी ताई मूर्ख नाही. तिला तिथल्या तिथे कळलं.

भावोजी काय म्हणाले असतील? मी शब्दन्‌शब्द सांगतो, कारण तो मी जन्मात विसरणार नाही. “साखरपाण्याने अपाय तर काही झाला नाही ना?”

ताई इस्पितळातून आली ती तळमजल्यावर न थांबता सरळ वर गेली. टाके ओले होते, तरी सगळ्या पायऱ्या चढली.

हे झालं कारण. आता सफरचंदं.

आमच्या गावाभोवती बागा आहेत. पानगळ सुरू झाली की सफरचंदांचा असा सुळसुळाट होतो की शेजारी एकमेकांच्या दारात टोपली ठेवून, बेल वाजवून पळून जातात. परत करायची सोय राहू नये म्हणून. त्या वर्षी जिन्याखाली चार टोपल्या जमल्या. भावोजी निवृत्त होऊन सहा महिने झाले होते, हात शिवशिवत होते. करून करून भागले आणि सफरचंदाला लागले.

एके सकाळी मला खाली बोलावलं. स्वयंपाकघरात फडकं टांगलेलं, खाली पातेल्यात थेंब थेंब रस पडतोय. “अगदी सोपं आहे हो, मेहुणे,” म्हणाले. “लोक साली आणि गाभे फेकून देतात. फेकायचे नाहीत. लालभडक सफरचंदांच्या साली घ्यायच्या, पाण्यात वीस मिनिटं उकळायच्या, गाळायचं, साखर घालायची. आणि वरून अर्धं लिंबू. लिंबू पडल्यावर रंग कसा खुलतो बघा!”

मी बघितलं. रंग गुलाबी होता.

तेवढ्यावर थांबतील तर ते भावोजी कसले? ते सरबत त्यांनी दवाखान्याच्या जुन्या बाटलीत भरलं, खाचांची पट्टी चिकटवली, बूच मारलं आणि उजेडाकडे धरून समाधानाने मान डोलावली. “हे जरा वर द्या तिला. माझ्या हातचं आहे म्हणावं.” ज्या बाईला तीन वर्षं गुलाबी पाणी पाजून मरणाच्या दारात नेलं, तिला समेटासाठी पहिली भेट काय, तर बाटलीत गुलाबी पाणी! आणि या माणसाच्या डोक्यात त्याचा लवलेशही नाही. इतका निर्मळ मठ्ठपणा मी आजवर पाहिला नव्हता.

तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मनात म्हटलं, फुटू दे याचं थोबाड.

ताईने दार उघडलं, बाटली पाहिली. तिच्या चेहऱ्यावरचं रक्तच ओसरलं. म्हणाली, “परत ने.” दार बंद.

मी जिन्याच्या वळणावर उभा राहिलो. खाली जाऊन त्या मधाळ चेहऱ्याला ‘नाही घेतलं’ असं सांगायचं माझ्या जिवावर आलं. भावोजींची दया आली असं कुणी समजू नये. मला फक्त तो चेहरा पडलेला बघायचा नव्हता, कारण मग त्यांची समजूत काढत तासभर बसावं लागलं असतं. बूच काढून मी एक घोट घेतला. थंडगार, किंचित आंबट, झकास. सांगताना जीव जातो, पण झकास होतं. बाटली तिथेच रिकामी केली, खाली गेलो आणि म्हणालो, “आवडलं तिला.”

जन्मभर लोकांची खोटी तिकिटं पकडली. हे माझं पहिलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं. या खेपेला सफरचंदाच्या फोडी लोण्यावर परतून, साखर तांबूस होईपर्यंत हलवून, भाजलेल्या पावावर घातलेल्या. “दहा मिनिटांचं काम हो.” मी वर गेलो. ताई म्हणाली, “काल परत पाठवलं ना? पुन्हा कशाला आणलंस?” मग मी वर जाणंच सोडलं. भावोजींच्या दारातून निघायचं, मधल्या मजल्यावर वळायचं, आपली कडी लावायची आणि खायचं. सफरचंदाच्या मधला गाभा कोरून त्यात बेदाणे आणि लोणी भरून झाकणाखाली मऊ भाजलेली सफरचंदं. सफरचंदाचा गर शिजवून घोटलेला, ग्लासात एक थर गर, एक थर बिस्किटांचा चुरा, वर साय. दालचिनी घातलेला गरम रस, तो भावोजींनी थर्मासमध्ये दिला, ‘तिला गार आवडत नाही’ म्हणून. ही एक गोष्ट त्यांना बायकोविषयी ठाऊक होती, आणि ती माझ्या कामी आली.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. माझा शर्ट पोटावर ताणायला लागला.

एकदा, निदान मनाची लाज म्हणून, मी ताईकडे विषय काढला. ती भाचीच्या कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, “माणूस बदललाय गं. रोज काहीतरी करत बसतो तुझ्यासाठी.”

“मला खाऊ नकोय रे,” ती म्हणाली. “त्यांनी माझं काय केलं, ते त्यांच्या तोंडून ऐकायचंय. त्याला गॅस पेटवावा लागत नाही.”

केवढं सरळ वाक्य! मी ते खाली जाऊन सांगितलं असतं तर? कदाचित दोघांचं मिटलं असतं, कदाचित नसतंही. पण माझं खाणं नक्की बंद झालं असतं. मी सांगितलं नाही. ही माझी लायकी.

महिन्याच्या मध्यावर जावयाची बदली झाली. लांबच्या गावी. महिनाअखेरीस सगळं बिऱ्हाड हलणार, ताईही त्यांच्याबरोबर. भावोजींना हे कळलं, तेव्हा मला वाटलं, आता खचतील. कसले खचतात? हसत सुटले. “तिला कशाला त्रास लांबच्या प्रवासाचा? ती खालीच येईल आता. रोज खातेय ना माझ्या हातचं.” मग कपाटाचा एक खण रिकामा केला. तिची जुनी खुर्ची डगमगायची, तिच्या पायाला पाचर ठोकली. उशीला नवा अभ्रा घातला. मला विचारत, “तिला सगळ्यात जास्त काय आवडलं हो?” मी सांगे, “साय घातलेलं.” दुसऱ्या दिवशी साय दुप्पट.

खोट्याचं असंच असतं. पहिल्या थांब्यावर उतरलं तर उतरलं, नाहीतर गाडी शेवटपर्यंत घेऊन जाते. आणि गाडी सुटायला आता आठ दिवस उरले होते.

शेवटी माझ्या तोंडाने नाही, पोटाने कबूल केलं. दोन दिवसांपूर्वीची रसाची बाटली खिडकीत राहिली होती. उघडली तर बुडबुडे. म्हटलं, वा, सोड्यासारखं झालंय! सगळी प्यायलो. सकाळी असा मुरडा उठला की दाराची कडी काढून मी तिथेच बसलो. भाची कामाला निघाली होती, तिने पाहिलं. ती ओरडत खाली गेली आणि भावोजींना घेऊन आली. मी गादीवर कण्हत पडलो होतो.

आणि इथे मला पहिल्यांदा दिसलं की हा माणूस कामात किती तयार आहे. मधाळपणा कुठल्या कुठे गेला. हात धुतले, चोळून गरम केले, माझं पोट चाचपलं. “इथे दुखतं? दाबल्यावर की सोडल्यावर? कळ पाठीत जाते का? जेवल्यावर वाढते? उलटी झाली? रंग कसा होता? ताप? लघवी?” प्रश्नांवर प्रश्न. एकेक उत्तर ऐकून घेत होते, थांबत होते, पुन्हा विचारत होते. मग भाचीला म्हणाले, “डॉक्टरांना फोन कर. पोटाचं दुखणं आहे, अंगावर काढायचं नाही.”

“काल काय खाल्लंत?” त्यांनी शेवटी विचारलं.

“सफरचंद.”

“किती?”

मी डोळे मिटून म्हणालो, “सगळी. पहिल्या दिवसापासून. ताईने एक घोट घेतलेला नाही, भावोजी.”

डोळे उघडले तर ते माझ्याकडे बघतच नव्हते. दाराकडे बघत होते. ताई चौकटीला धरून उभी होती. कधी आली होती कोण जाणे, पण प्रश्न तिने ऐकले होते.

“याला पंधरा प्रश्न विचारलेत,” ती म्हणाली. चार वर्षांनी नवऱ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. “मी मोजले. मला तीन वर्षांत एक विचारला नव्हता.”

भावोजी उठून उभे राहिले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

“आणि एवढं झाल्यावर पहिली बाटली पाठवलीत, तीसुद्धा गुलाबी.”

“तो सालीचा रंग...” एवढं बोलून ते थांबले. तेव्हा कुठे, महिनाभराने, त्या डोक्यात उजेड पडला. चेहरा बघवत नव्हता. मी आयुष्यभर ज्या माणसाचं तोंड पडायची वाट बघितली, त्याचं तोंड पडलं, आणि मला त्यात काडीची मजा आली नाही.

“तुम्हाला काय वाटलं होतं तेव्हा?” ताईने विचारलं. “खरं सांगा.”

मला वाटलं, आता तो मधाळ आवाज निघणार. नाही निघाला. घसा खरवडल्यासारखं काहीतरी निघालं. “वाटलं, तू नाटक करतेस. माझ्या बहिणीचं करायला नको म्हणून.”

“हे तेव्हा तोंडावर म्हणाला असतात,” ताई म्हणाली, “तर मी भांडले असते. हाकलून दिलं असतं तुम्हाला, आणि दुसऱ्या डॉक्टरकडे गेले असते. तुम्ही गोड बोललात, म्हणून मी ती बाटली प्यायले.”

एवढं बोलून ती वर गेली. जाताना मला म्हणाली, “आणि तू! साठी उलटली तुझी.” हे मात्र मला डॉक्टरांच्या इंजेक्शनपेक्षा जास्त लागलं.

पुढचे आठ दिवस तळमजल्यावर गॅस पेटला नाही. जिन्याखालची सफरचंदं सुरकुतायला लागली. मी दोनदा खाली गेलो, भावोजी पाचर मारलेल्या खुर्चीत बसलेले. शिव्या घालतील म्हणून मी तयारीने गेलो होतो. त्यांनी नुसतं विचारलं, “पोट कसं आहे?” त्या माणसाला धड रागावताही येत नाही.

निघायच्या दिवशी दारात टेम्पो लागला. पलंग, कपाट, बोचकी चढली. भाची रडली, जावई दोऱ्या आवळत होता, शेजारी उगीचच सल्ले देत उभे. भावोजी बाहेर आले. हातात काही नव्हतं. ना बाटली, ना वाटी. सरळ ताईसमोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांसमोर, खिडकीमागचा आवाज न काढता म्हणाले, “माझं चुकलं. तू मेली असतीस.”

बैल गेला आणि झोपा केला, हे माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं. जावयाच्या हातातली दोरी तशीच राहिली. शेजाऱ्यांना एकदम आपापल्या घरची कामं आठवली.

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. टपालपेटीकडे नाही, त्यांच्याकडे. मग म्हणाली, “एक सफरचंद द्या मला. कापू नका, शिजवू नका. आहे तसं.”

भावोजी जिन्याखाली धावले. आता सुरकुतलेल्या सफरचंदांत निवडण्यासारखं काय असतं? तरी त्यांनी दोन टोपल्या उपसल्या, चार उचलली, ठेवली, शेवटी एक आणलं. ताईने ते हातात घेऊन सगळीकडून फिरवून बघितलं, बाहीला पुसलं आणि चावा घेतला. उभ्या उभ्या, सगळं, देठापर्यंत खाल्लं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, तो वाजवू दिला.

“कसं आहे?” भावोजींनी विचारलं.

“सफरचंदासारखं आहे,” ताई म्हणाली आणि जावयाचा हात धरून गाडीत चढली.

टेम्पो वळणाआड जाईपर्यंत आम्ही दोघं फाटकापाशी उभे होतो. मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, “खाल्लं ना हो तिने?”

“खाल्लं.”

“मग येईल परत?”

महिनाभर या माणसाच्या प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर तयार होतं. तेव्हाही होतं, जिभेच्या टोकावर.

“नाही, भावोजी,” मी म्हणालो. “नाही येणार.”

त्यांनी मान हलवली. माझ्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर टेकले, आणि घरात गेले.